भांड्याचं आतलं अंग

धनत्रयोदशीला घरात नवं भांडं यायचं, हे घाटंजीत कुणाला सांगावं लागत नाही. सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला असेल तर कुकर, हात आखडता असेल तर निदान एक वाटी, पण भांड्यांच्या दुकानातून रिकाम्या हाती परतायचं नाही. काय घ्यायचं याची चर्चा घरात आठवडाभर चालते. घरातलं कुठलं भांडं आता चुलीवरून कायमचं उतरवायचं, हा विषय मात्र निघत नाही. नवं भांडं मांडणीवर चढतं आणि जुनी आहेत तिथेच राहतात. बुड पातळ झालेला जर्मनचा गंज, आतून लाल पडलेलं पितळी भगोणं, एक कान सुटलेली कढई, शिट्टी न धरणारा कुकर. हा लेख या जुन्या भांड्यांचा आहे.

वाघाडी नदीच्या काठचं घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इथला बाजार कापूस, तूर आणि सोयाबीनच्या हंगामावर हलतो. आजूबाजूला शेतकऱ्यांची खेडी, गोंडांच्या वस्त्या, कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे. इथल्या जुन्या घरात शिरलं की धातूंच्या चार पिढ्या एका मांडणीवर दिसतात. आजेसासूचा पितळी गुंड आणि कोपर, सासूच्या संसारातले जर्मनचे गंज, नंतरचं स्टील आणि सर्वांत शेवटी आलेला नॉनस्टिक तवा. अ‍ॅल्युमिनियमला इकडे अजून सर्रास जर्मन म्हणतात आणि पातेल्याला गंज, म्हणून मीही तेच म्हणतो. या चार पिढ्यांचं म्हातारपण सारखं नसतं. एखादं भांडं शंभर वर्षांनी भट्टीत घालून पुन्हा तरुण करता येतं, तर एखादं पाच वर्षांत अन्नाला नालायक होतं. आपण मात्र सगळ्यांना एकच नियम लावतो. गळत नाही ना, मग चालू द्या.

हा नियम पूर्वी चालून गेला, कारण निर्णय एकट्या घरच्या बाईवर नव्हता. कल्हईवाला वर्षातून एकदोनदा गल्लीत यायचा, भांडं हातात घेऊन उजेडात आत बघायचा आणि सांगायचा की हे करून देतो, हे आता होणार नाही. कासाराकडे मोड घातली जायची. तो जुनं भांडं वाजवून, तोलून घ्यायचा आणि वजनाच्या हिशेबात नवं द्यायचा. लोहार कढईला ठिगळ मारून द्यायचा किंवा सरळ नाही म्हणायचा. कुंभाराचा माठ तर पंचांगावरच चालायचा. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं नवी घागर भरली जाई आणि जुनी पाण्याच्या कामातून उतरे. म्हणजे भांड्यांची तपासणी करणारी जाणती माणसं दारावर येत होती. ती येईनाशी झाली आणि तपासणीही थांबली. जुन्या भांड्यांचा आजचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो, असं मला वाटतं.

कल्हईचं काम पाहिलेली माणसं अजून आहेत, पण चाळिशीच्या आतल्या कुणाला विचारलं तर नुसतं नाव माहीत असतं. म्हणून ते जरा नीट सांगतो. अंगणात हातभर खड्डा, त्यात कोळसा, बाजूला चामड्याचा भाता. भांडं आधी राख, वाळू किंवा पातळ आम्लानं घासून आतून अगदी कोरं करतात. तेलाचा डाग राहिला तर तिथे कल्हई धरत नाही. मग ते निखाऱ्यावर फिरवत तापवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट आत टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो आणि धातूवरचा मळ उडतो. त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कांडी टेकताच पाण्यासारखी पसरते. ती कापसाच्या बोळ्यानं भराभर सगळीकडे पुसत न्यायची आणि भांडं पाण्यात बुडवायचं. लालसर पितळ आतून चांदीसारखं दिसू लागतं. सारा खेळ काही मिनिटांचा, पण हात बसलेला लागतो. बोळा फिरायला क्षणभर उशीर झाला तर कथील एका जागी साचतं आणि दुसरी जागा उघडी राहते.

हा थर केसाहून पातळ असतो. त्याचं काम एकच, अन्न आणि तांबं यांची गाठ पडू न देणं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ त्यातलं तांबं ओढून घेतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार राहिलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना चवीवरून कळत असे. सरकारनंही हे फार पूर्वी कागदावर आणलं. अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ मधल्या ४९ व्या नियमानं अन्नविक्रेत्यांना जंग चढलेली भांडी, टवके उडून गंजलेली मिन्याची म्हणजे एनॅमलची भांडी आणि नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी वापरायला मनाई केली. जर्मनची भांडी भारतीय मानकात सांगितलेल्या धातूचीच हवीत, हेही त्यात होतं. २०११ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे विनियम आले, तेव्हा हीच यादी त्यांत आली. भांडं कधी टाकावं याचं इतकं सरळ उत्तर कायद्यात सत्तर वर्षांपासून आहे. ते हॉटेलवाल्यांसाठी लिहिलेलं आहे, आपल्या स्वयंपाकघरात ते वाचून दाखवायला कुणी येत नाही.

कल्हई उडालेल्या भांड्याची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्या देशात होता. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचं पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात दुसरं मूलही जायचं, म्हणून लोक दैवाला दोष देत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एम. एस. टॅनर यांच्यासोबत या मुलांचा माग काढला. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं होतं. ते आलं कुठून हे शोधताना संशोधक रुग्णालयातून निघून स्वयंपाकघरात पोहोचले. ही बाळं बहुधा लवकर वरच्या दुधावर आलेली होती, आणि ते गाई-म्हशीचं दूध पितळी भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरतं, आणि तेच दूध दिवसातून अनेकदा बाळाच्या पोटात जातं. १९८३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करणारा अभ्यास आला, त्यातही हाच धागा पक्का झाला. काही अभ्यासकांनी आनुवंशिक कारणाचीही शक्यता मांडली. पण घरोघरी दुधाची भांडी बदलत गेली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, याबद्दल वाद नाही.

यात एक गोष्ट मनाला फार लागते. हा आजार झोपडीत कमी होता. वरचं दूध परवडणाऱ्या, पितळी भांडी राखून असणाऱ्या खात्यापित्या घरांत तो जास्त होता. ज्या भगोण्याचा घराला अभिमान होता, त्यातूनच हे आलं.

यावरून पितळ घराबाहेर काढावं असं कुणी म्हणेल, तर मी त्याला विरोध करीन. दोष पितळेचा नाही, उघड्या पडलेल्या अंगाचा आहे. विदर्भात पितळी भांडी म्हटलं की भंडाऱ्याचं नाव निघतं, आणि जुन्या घरांतली कित्येक भांडी आजही ठोकून बघितली तर घंटेसारखी वाजतात. अशा भांड्याला भंगारात घालणं म्हणजे उभं पीक कापून टाकणं. निर्णय भांड्याच्या आतल्या अंगावर घ्यायचा. राखाडी पांढरी कल्हई सलग आहे तोवर त्यात शिजवा. पिवळी किंवा तांबूस जागा उघडी दिसली की त्या दिवसापासून त्यात आंबट नाही आणि दूध तर मुळीच नाही. कल्हई करून आणता येत असेल तर आणा. येत नसेल तर ते भांडं धान्याला, पिठाला, लग्नकार्यात अक्षतांना ठेवा. कल्हईच्या भांड्यात कोरडं भाजू नये, नुसतं तेल धूर येईपर्यंत तापवू नये; कथील वितळायला तेवढी आच पुरते. तारेच्या घासणीनंही कल्हई झपाट्यानं जाते. आणि करून घेताना कथील शुद्ध आहे का ते विचारायचं, कारण स्वस्तात पडावं म्हणून त्यात शिसं मिसळणारेही असतात. कांडी कागदावर ओढली आणि करडी रेघ उमटली तर शिशाचा संशय घ्यावा. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर ती करकर असा बारीक आवाज करते, तो जुने लोक कान लावून ऐकत.

पितळी भांडं टाकवत नाही याला आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या भागात खोल रुजलेलं आहे. कोरडवाहू शेतीच्या मुलखात भांडं ही बाईच्या हातातली शिल्लक होती. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे नसले की गुंड सावकाराकडे जायचा आणि कापूस विकला की परत यायचा. कधी यायचाही नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनं ६० व्या कलमात कर्जदाराचं काय काय जप्त करता येणार नाही ते सांगितलं आहे. त्यात कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी येतात. कायद्यानं माणसाच्या घरातून बरंच काही नेऊ दिलं, पण चुलीवरचं भांडं नेऊ दिलं नाही. यवतमाळ जिल्ह्यानं कर्जाचे जे दिवस पाहिले आहेत, ते पाहता या कलमाकडे मी आदरानं बघतो. भांडं टाकून द्या असं सांगणाऱ्यानं आधी हे समजून घ्यावं. त्या बाईला ते भांडं नुसतं जुनं दिसत नाही.

पण हीच माया जर्मनच्या भांड्याला लावली की घात होतो. पितळेचं वजन होतं, मोडीला किंमत होती, दुरुस्ती होती. जर्मन हलकं, स्वस्त, चटकन तापणारं. गरिबाच्या घरात ते आलं आणि त्यानं फार मोठं काम केलं. मात्र त्याला सांभाळायची रीत आपण पितळेचीच ठेवली. चिंच आणि राख घेऊन भांडी लख्ख घासणं हा आमच्याकडच्या बायकांचा मान. मांडणीवरची भांडी आरशासारखी दिसली पाहिजेत. पितळेला ते शोभतं. जर्मनवर हवेतच एक पातळ कवच धरतं आणि तेच त्याचं रक्षण करतं. राखेतला क्षार ते कवच खातो, चिंचेचं आम्लही खातं. रोज घासून कवच उडवायचं आणि संध्याकाळी त्याच गंजात अंबाडीची भाजी शिजवायची, म्हणजे धातू आंबटाच्या तोंडी उघडा देणं. अंबाडी तर आमच्या घराघरातली. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली, भाकरीशी खायची. तिच्याइतक्या आंबट पालेभाज्या थोड्याच, आणि ती घरातल्या सर्वांत जुन्या जर्मनच्या गंजात शिजते, कारण भाजीसाठी तोच गंज ठरलेला असतो.

असा एखादा गंज उन्हात आडवा धरून आत बघा. नवा असताना आतलं अंग सलग, मऊ असतं. जुन्यात आधी बारीक काळपट ठिपके दिसतात. नख फिरवलं की ठिपक्याशी नख अडकतं, तिथे खळगी पडलेली असते. पाण्याच्या रेषेशी, जिथे रोज भाजीची पातळी येते, तिथे खळग्यांची माळ दिसते. बुड मधोमध खाली उतरलेलं असतं, ओट्यावर ठेवलं की गंज डुलतो. शेवटी भांडं उजेडाकडे धरलं की एखादा टाचणीएवढा प्रकाशाचा ठिपका दिसतो. पुष्कळ घरांत याच टप्प्यावर त्या भोकावर बाहेरून काहीतरी चिकटवून गंज आणखी दोन वर्षं चालतो. माझ्या मते नख अडकलं तेव्हाच त्याचं शिजवण्याचं काम संपलं. नुसता काळेपणा हे मात्र टाकण्याचं कारण नाही. पाणी उकळून आत काळं पडतं, ते निरुपद्रवी असतं आणि ते खरवडून काढायचीही गरज नसते.

जर्मनच्या बाबतीत दुसरी काळजी विकत घेतानाची आहे. जुनं भांडं भंगारवाल्याकडे जातं, तिथून वितळवणाऱ्याकडे, तिथून पुन्हा भांडं होऊन बाजारात येतं. हे चक्र चांगलंच आहे. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाच टक्क्यांत जुनं वितळवून काम होतं. पण लहान भट्टीत भांड्यांबरोबर इंजिनाचे तुकडे, रेडिएटर, तारा, काय वाटेल ते जातं, आणि त्यासोबत शिसंही. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये भंगारातून ओतलेल्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं, हे अमेरिकी संशोधकांनी गेल्या दशकात दाखवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम नावानं विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांविषयी असाच इशारा दिला, आणि त्यात भारतातून गेलेली भांडी होती. आपल्या सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे मानक आहे. तेव्हा धनत्रयोदशीला गंज घेताना वजनासोबत बुडाशी ठसाही बघायचा. किलोवर विकलं जाणारं बिनठशाचं भांडं स्वस्त पडतं, पण लहान मुलं असलेल्या घरात ते घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो.

लोखंडाबद्दल मात्र मला निराळंच सांगायचं आहे. तवा जंगला म्हणून टाकणारी घरं आता दिसू लागली आहेत, आणि वाईट वाटतं. जंग चढलेला लोखंडी तवा म्हातारा नसतो, तो उपाशी असतो. घासून, वाळवून, तेलाचा हात देऊन आचेवर धरला की चारदोन वेळात पुन्हा भाकरी सोडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथिओपियात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलं, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालं होतं. अशा वेळी लोखंडी कढई माळ्यावर आणि खरचटलेला नॉनस्टिक ओट्यावर, ही मांडणी उलटी करायला हवी. लोखंड टाकायचं ते तडा गेला किंवा भोक पडलं तरच. बिडाचा तवा पडून तडकला तर त्याला इलाज नाही. पत्र्याच्या कढईला लोहार सापडला तर ठिगळ बसतं.

नॉनस्टिकचं आयुष्य थोडं असतं, हे घेतानाच मनाशी धरावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात भांड्यांवर स्वतंत्र भाग आहे. नॉनस्टिक १७० अंशांच्या वर तापवू नये, थर झिजला किंवा खरचटला की भांडं टाकावं, आंबट चटण्या-सांबार अ‍ॅल्युमिनियम, लोखंड किंवा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नये, असं त्यात म्हटलं आहे. आमच्याकडे मोठ्या आचेवर, लोखंडी सराट्यानं खरडत स्वयंपाक करायची रीत. या रीतीत तो थर टिकणं अवघडच.

भांडी म्हातारी होण्याचं एक कारण धातूत नसतं, आचेत असतं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि चुलीवरची गोल बुडाची भांडी गॅसच्या शेगडीवर डुलू लागली. बुडाला मातीचा लेप देऊन चुलीवर चढवायचा गंज गॅसवर लगेच लागतो, कारण आच एका जागी येते. अशी चांगली भांडी केवळ शेगडी बदलली म्हणून निकामी ठरली. पण भरल्या टाकीचे पैसे जुळत नाहीत तेव्हा चूल पुन्हा पेटते आणि तीच भांडी खाली उतरतात. म्हणून गॅस आला म्हणून चुलीची भांडी भंगारात घालायची घाई करू नये.

कुकर मात्र मायेनं वापरायची वस्तू नाही. आत साधारण १२० अंशांची वाफ कोंडलेली असते. रबर कडक झालं की बदलायचं, सुरक्षा झडप एकदा उडाली की त्याच कंपनीची नवी बसवायची. भोकात भलतंच काही ठोकून काम भागवणं म्हणजे स्वयंपाकघरात सुरुंग ठेवणं. बुड फुगलं किंवा झाकण नीट बसेना की वाफेचं काम बंद. झाकण आणि शिट्टी भंगारात द्या, खालचं भांडं ठेवा. जाड बुडाचा तो डबा पाणी तापवायला पुढे पुष्कळ वर्षं जातो. १ फेब्रुवारी २०२१ पासून कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, बाजारात बिनचिन्हाचे अजून मिळतात, ते घेऊ नयेत.

आता उतरवलेल्या भांड्याचं काय करायचं? कोंबड्यांचं पाणी, तुळस, शेण कालवायला घमेलं, धुपाटणं, कोथिंबिरीची वाफ. याची कल्पना द्यायला आमच्या बायकांना लेखाची गरज नाही. एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो, कारण हा यवतमाळ जिल्हा आहे. उतरवलेलं भांडं सर्वांत आधी शेतात जातं आणि तिथे फवारणीचं औषध कालवायला लागतं. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या मृत्यूंची कारणं अनेक होती. उंच वाढलेली कपाशी, औषधांची सरमिसळ, अंगावर संरक्षण नसणं. भांड्याचा मुद्दा त्यापुढे लहान वाटेल, पण तो आपल्या हातातला आहे. ज्या डब्यात, गंजात, बादलीत औषध एकदा कालवलं ते घराच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा येता कामा नये. धुऊनही नाही, जनावराच्या पाण्यालाही नाही. जर्मनच्या खळग्यांत आणि पितळेच्या सांध्यांत औषध बसतं आणि धुतल्यानं निघत नाही. असं भांडं कायम शेतातच ठेवायचं असेल तर त्याला मोठं भोक पाडून, आकार बिघडवून ठेवा, म्हणजे कुणी चुकून पाणी प्यायला उचलणार नाही. औषध कालवायला धडका डबा लागणारच, तर त्यासाठी वेगळा, रंग लावलेला, घरातून कधीच न आलेला डबा घ्यावा. उलट बाजूनंही हाच नियम. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगल्या झाकणाचा असला तरी तो तेला-तिखटाला वापरायचा नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी रिकामी वेष्टनं नष्ट करायलाच सांगितलेली आहेत.

घराबाहेर शिजणाऱ्या अन्नाकडेही बघितलं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज दुपारी शिजणारा आहार तालुक्यातल्या हजारो मुलांच्या पोटात जातो. केंद्राच्या योजनेत शाळेची भांडी घ्यायला आणि पाच वर्षांनी बदलायला पैशांची तरतूद आहे. आधी शाळेमागे सरसकट ५,००० रुपये होते, २०१९ मध्ये पटसंख्येनुसार १०,००० ते २५,००० रुपये झाले. भांडं कधी बदलायचं याचं उत्तर वर्षांत मोजून देणारी ही एकमेव सरकारी व्यवस्था मला ठाऊक आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी एवढंच विचारावं की खिचडीचा गंज कोणत्या साली घेतला, आणि एकदा तो पालथा करून, आत नख फिरवून बघावा. तसंच, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा तीस वस्तूंचा भांडी संच अलीकडच्या वर्षांत राज्यभर नोंदणीकृत कामगारांच्या घरी पोहोचला. त्यात स्टीलचा कुकर आहे, कढई आहे, पातेली आहेत. ज्या घरात असा संच पेटीतच ठेवून जुन्या गंजातच भाजी शिजते आहे, तिथे मला सांगावंसं वाटतं की पाहुण्यांसाठी राखू नका. मुलांना त्यातच वाढा.

राहिली नावं घातलेली भांडी. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला मिळालेली. कडेवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली. देणारी माणसं कधीच गेली, भांड्यावर त्यांची अक्षरं आहेत. मोडीत घातली की ती अक्षरं वितळतात, म्हणून हात अडतो, आणि अडावाच. अशी भांडी शिजवण्यातून उतरवून ठेवायला जागा नसेल तर एक वाट जवळच आहे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला ओझा कारागीर आहेत. मेणाचा साचा करून पितळ ओततात. गोंडांचे देव, घंटा, मोर घडवतात. त्यांच्या कामाला २०१८ मध्ये आदिलाबाद डोकरा म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचा कच्चा माल म्हणजे जुनं पितळ. शिजवायच्या कामाचं न राहिलेलं भगोणं त्यांच्या भट्टीत गेलं तर ते देवघरात परत येऊ शकतं.

कल्हईवाल्याचं काय, हा प्रश्न उरतोच. एकेका घराची दोन भांडी करायला तो पन्नास कोस येणार नाही, आणि दर वर्षी पुण्या-नागपूरला भांडी पाठवणं कुणाला परवडणार नाही. पण गावात महिला बचत गट आहेत, आणि लग्नकार्यासाठी भाड्यानं द्यायची मोठी भांडी कित्येक गटांकडे आहेत. चार-पाच गटांनी मिळून अक्षय्य तृतीयेच्या आधी एक दिवस ठरवावा. कारागिराला बोलवावं, त्याचा येण्या-जाण्याचा आणि दिवसाचा खर्च आधी बांधून द्यावा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी पितळी भांडी एका जागी आणावीत. त्याच जागी लोहारालाही बसवावं. कुठलं भांडं होईल आणि कुठलं होणार नाही, हे कल्हईवाल्याला चार लोकांत मोठ्यानं सांगू द्यावं, म्हणजे पोरींनाही कळेल. कापूस आपला, बोळा आपला. कथील तेवढं चांगलं आणायला सांगावं आणि कांडी कागदावर ओढून बघावी.